बिदागीचं काय? फोक क्लब चालवणाऱ्यांना खुलं पत्र

फोक क्लबांचे संयोजक आणि तिथे नेमाने येणारे श्रोते यांस,

सप्रेम नमस्कार.

पबच्या लहान खोल्यांमध्ये लोकगीतांच्या रात्री भरवणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांना या कामाचा एक पैसाही मिळत नाही, हे ठाऊक असूनच लिहिते आहे. खोली मिळवायची, तारखा जुळवायच्या, गायकांच्या ढीगभर मेलना उत्तरं द्यायची, खुर्च्या मांडायच्या, दाराशी बसून पैसे घ्यायचे, निवेदन करायचं आणि सगळे पांगले की खुर्च्या पुन्हा रचून ठेवायच्या. तेही नोकरी आणि संसार सांभाळून, नाहीतर निवृत्तीनंतरच्या वेळात. फिरून गाणाऱ्या माझ्यासारख्या बाईचं पोट तुमच्यामुळे चालतं. म्हणून तक्रारही तुमच्याकडेच घेऊन आले आहे.

तुम्ही फुकट राबता, तेव्हा आम्हीही जवळपास फुकट गावं, असं एक गणित या खोल्यांमध्ये रुजलं आहे. तोंडाने कुणी म्हणत नाही. पण बिदागीचा विषय निघाला की आवाज खाली येतो आणि ‘आपण सगळे प्रेमापोटीच करतो ना हे’ असं वाक्य हमखास कानावर पडतं. प्रेम आहेच, नाहीतर कोण कशाला या फंदात पडेल! पण तुमच्या प्रेमाला पगाराचा किंवा पेन्शनचा टेकू आहे. आमच्या प्रेमाला टेकू आहे तो त्या रात्रीच्या बिदागीचा, आणि नेमक्या त्याच टेकूवर तुम्ही घासाघीस करता.

हे क्लब काही फार पुरातन नाहीत. 1956 च्या सुमारास लॉनी डोनेगन या गायकाच्या मागोमाग ब्रिटनमध्ये स्किफलची लाट आली. स्वस्तातली गिटार, चहाच्या खोक्याला दोरी ताणून केलेला बेस आणि कपडे घासायचा पत्रा, एवढ्या सामग्रीवर पोरं गायला लागली. लाट ओसरली, पण पबच्या माडीवरच्या खोल्या राहिल्या आणि त्यांत लोकगीतं मुक्कामाला आली. ब्रॅडफर्डचा टॉपिक फोक क्लब 1956 पासूनचा. लंडनमध्ये इवन मॅकॉल आणि पेगी सीगर या गायकजोडीच्या सिंगर्स क्लबात गाणाऱ्याने आपल्याच परंपरेतलं, आपल्याच भाषेतलं गावं असा दंडक होता. त्यावरून लोक अजूनही हमरीतुमरीवर येतात. 1965 मध्ये पंचविशीही न गाठलेला अमेरिकन गायक पॉल सायमन गिटार घेऊन इंग्लंडमधल्या याच क्लबांमधून गात फिरत होता. मार्टिन कार्थी यांच्यासारखा इंग्लिश गायक-गिटारवादक साठच्या दशकापासून दशकानुदशकं असल्या लहान खोल्यांमध्ये गात राहिला.

त्या काळी एका रात्रीची बिदागी मोठी होती अशातला भाग नाही. पण क्लब जवळजवळ होते आणि बरेचसे दर आठवड्याला भरायचे. आज इथे, उद्या शेजारच्या गावात, परवा त्याच्या पुढे. थेंबे थेंबे तळं साचायचं. आता क्लब कमी, अंतरं लांब, आणि अनेक ठिकाणी महिन्यातून एकदाच कार्यक्रम. दोन कार्यक्रमांच्या मधल्या रात्री रिकाम्या जातात, म्हणजे खर्च तसाच राहतो आणि जमा शून्य. बिदागी ठरवायची पद्धत मात्र तीच, थेंबांच्या काळातली. दुखणं इथे आहे. तुमचा कंजूषपणा नडतो असं नाही, तुमचा हिशेब जुना आहे.

बिदागी तुम्ही दोन तासांची धरता. निदान बोलताना तरी तसंच बोलता: ‘पंचेचाळीस मिनिटांचे दोन सेट.’ त्या सेटसाठी मी दुपारी घर सोडते. संध्याकाळी पोचून आवाज जुळवते, रात्री उशिरा सामान आवरते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचते. दोन दिवस गेले. त्याआधी तारीख मिळवण्यासाठी पाठवलेली पत्रं, पोस्टरचा मजकूर आणि फोटो, रियाज, नवीन गाणं बसवणं, जुन्या संग्रहातून एखाद्या गाण्याचं हरवलेलं कडवं शोधत बसणं. मग तारा, वाद्याची दुरुस्ती, विमा, इंधन, कर. आजारी रजा नाही. घसा बसला की त्या आठवड्याची कमाईही बसली.

2023 मध्ये ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनने ‘हेल्प म्युझिशियन्स’ या संस्थेबरोबर वादक-गायकांची गणना केली. संगीतातून मिळणारं सरासरी वार्षिक उत्पन्न निघालं 20,700 पौंड. हा आकडा सगळ्या प्रकारच्या संगीतकारांचा आहे. त्यात ऑर्केस्ट्रातले पगारी वादकही आले आणि शिकवण्या घेणारेही. नुसत्या छोट्या खोल्यांवर जगणारी माणसं त्या सरासरीच्या कुठल्या बाजूला असतील, ते तुम्हीच ओळखा.

आता एका अशा गोष्टीकडे वळते जिच्याबद्दल क्वचितच कुणी बोलतं. तुमची बिदागी बहुधा ‘पाहुण्याची’ असते, डोक्यागणिक नसते. एक गायिका आली तरी तेवढीच आणि तिघांचा संच आला तरी जेमतेम तिच्यावर थोडी. परिणाम तुमच्या डोळ्यांसमोर आहे: महिन्यामागून महिने गिटार घेतलेलं एकटंच माणूस. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), कॉन्सर्टिना ही हातातली छोटी भात्याची पेटी, सुरात सूर मिसळणारे तीन गळे हे सगळं महोत्सवांपुरतं उरलं. मग ‘हल्ली सगळे एकसारखेच वाजवतात’ अशी कुजबुज होते. होणारच! तिघांत वाटल्यावर जे उरतं त्यात परतीचं इंधनही भागत नाही, तेव्हा तिघांतले दोघं दुसरी नोकरी धरतात. माझ्याबरोबर फिडल वाजवणारी मैत्रीण आता शाळेत शिकवते. सुट्टीत जमलं तर येते. मी कितीतरी गाणी तिच्यासाठी बसवली होती, ती आता मी एकटीने गाताना मधल्या जागा गिटारने भरून काढते. श्रोत्यांना कळत नाही. मला कळतं. संगीताचा आकार असा पैशाने ठरतो, आणि तो कुठल्याशा बाजारात ठरत नाही, तुमच्या त्या खोलीत दाराशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात ठरतो.

त्या डब्याबद्दल थोडं. प्रवेशाचे पैसे वाढवले तर लोक यायचे नाहीत, ही भीती मी जवळजवळ प्रत्येक क्लबात ऐकली आहे. तुमचे नेहमीचे श्रोते वयस्क आहेत, काहींना खरोखर हात आखडता घ्यावा लागतो, हे मान्य. पण मध्यंतरातला रॅफल, म्हणजे तिकिटांची छोटी सोडत, पाहा. खिडकीत चॉकलेटचा डबा, वाइनची बाटली, कुणीतरी घरून आणलेली आणि मागच्या महिन्यातही ठेवलेली अंघोळीच्या साबणांची पेटी. निवेदक तिकिटांची पट्टी फाडत रांगांमधून फिरतो आणि जी माणसं दाराशी चिल्लर मोजून देतात तीच इथे नोट काढतात, ‘पाच द्या’ म्हणतात, आकडा लागला नाही की हसतात. मग तोच साबण पुढल्या महिन्यासाठी पुन्हा दान होतो. पैसे नाहीत असं नाही. दाराशी द्यायचे ते किती, ही एक सवय आहे, आणि ती तुमच्या दर्शनी फलकावर कित्येक वर्षांत न बदललेल्या आकड्याने लावली आहे.

उपाय मी नवा सांगत नाही, काही क्लब तो आधीपासून करत आले आहेत. आपापसात गायच्या रात्री, जिथे येणारा प्रत्येक जण गातो, त्या स्वस्त किंवा फुकट ठेवा. त्यांतून जे जमेल ते वेगळं साठवा. पाहुण्याच्या रात्रीचा दर आधी बिदागी ठरवून मग काढा, उलट्या बाजूने नको. ज्याला परवडत नाही त्याला सवलत जरूर द्या, पण ती सवलत क्लबाच्या साठ्यातून जाऊ द्या. आज ती न विचारता गायकाच्या खिशातून जाते.

दुसरा मुद्दा ‘दारावर जमेल ते’ या व्यवहाराचा. ऐकायला हा व्यवहार फार सरळ वाटतो, जमले तर दोघांचे, नाही तर नाही. पण त्या रात्री पाऊस लागला, फुटबॉलचा मोठा सामना निघाला, किंवा जाहिरात करणारा विसरला, तर नुकसान कुणाचं? खोलीचं भाडं तर पबवाला तुमच्याकडून बहुधा घेतच नाही, त्याला दारूविक्री हवी असते. तुमचा वेळ गेला, पण वेळच. माझा मात्र घरभाड्याचा हिस्सा गेला. ठरावीक किमान रक्कम आणि तिच्यावर जमलं तर त्यातला वाटा, ही पद्धत दोघांनाही न्यायाची आहे. किमान रक्कम लहान असली तरी चालेल. ती लिहून मिळाली की मला महिन्याचा अंदाज बांधता येतो. एका क्लबात (नाव सांगत नाही) रात्री मला पाकीट दिलं आणि बोलल्यापेक्षा कमी का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की नव्या स्पीकरच्या निधीसाठी कापले. स्पीकर चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. माझ्या परवानगीविना मी त्या क्लबाची देणगीदार झाले, एवढंच.

‘पण तुमची ओळख होते, लोक नंतर ऑनलाइन ऐकतात’ असंही सांगितलं जातं. ऐकतात, खरंय. स्पॉटिफायने 2024 पासून असा नियम केला की मागच्या बारा महिन्यांत 1,000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या मानधनातला वाटाच नाही. लोकगीतं गाणाऱ्याच्या कित्येक गाण्यांची वाट तिथेच अडते. खरी विक्री होते ती मध्यंतरातल्या टेबलावर, सीडीची. आता गाड्यांतून सीडी प्लेयर गेले, त्यामुळे तीही आटत चालली आहे, तरी माणसं अजून आठवण म्हणून घेतात. तेव्हा कृपा करून मध्यंतर थोडं लांबवा आणि रॅफल त्याच वेळी लावू नका. हे क्षुल्लक वाटेल. अनेक रात्री टेबलावरच्या पैशांनीच माझा प्रवास सुटला आहे.

पारंपरिक गाणी गाणाऱ्याला रचनाकाराचं मानधन नसतं, कारण रचनाकार अनाम असतो. आपण केलेल्या बांधणीची मात्र मानधनासाठी नोंद करता येते. त्यासाठी गाण्यांची यादी भरून द्यावी लागते आणि क्लबाने परवाना घेतलेला असावा लागतो. यादीचा कागद मी स्वतः आणते, तुम्ही फक्त नाही म्हणू नका.

आता सगळ्यात अवघड माणसांकडे येते. दर क्लबात एक तरी असतो, बहुधा मागच्या रांगेत, चांगला गातोही. त्याचं म्हणणं, लोकसंगीत लोकांचं, त्याचे पैसे घेणं म्हणजे पाणी विकणं. त्यांना मी टर्लो ओ’कॅरोलनची आठवण करून देते. 1670 ते 1738 या काळातला आयर्लंडचा हा अंध हार्पवादक. देवीच्या आजारात दृष्टी गेली, मग हार्प शिकला, आणि त्याच्या आश्रयदात्या मॅकडरमॉट रो बाईंनी त्याला एक घोडा, एक वाटाड्या आणि थोडे पैसे देऊन वाटेला लावलं. पुढे आयुष्यभर तो घराघरांतून फिरला, यजमानांच्या नावाने धून बांधल्या, पाहुणचार घेतला, बिदागी घेतली. आज तुमच्या सेशनमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायच्या बैठकीत, त्याच्या धून विनामूल्य वाजतात त्या कुणीतरी कधीतरी पैसे मोजले म्हणून. प्रवासखर्च देण्याची रीत तर घोड्याइतकी जुनी निघाली.

शिवाय हौशी गायकांच्या विरोधात मी अजिबात नाही. फ्लोअर स्पॉट, म्हणजे पाहुण्याआधी क्लबातल्याच कुणी उठून दोन गाणी म्हणणं, ही या जगातली मला सर्वांत आवडणारी चाल आहे. तिथे मी गाणी शिकले. थरथरत्या आवाजात पहिल्यांदा गाणाऱ्याबरोबर अख्खी खोली ध्रुवपद धरते, असं दुसऱ्या कुठल्या रंगमंचावर होत नाही. हौशी आणि धंदेवाईक एकाच खोलीत बसतात हीच तर गंमत. अडचण फक्त तेव्हा येते जेव्हा दुसरीकडे भक्कम पगार असलेला गायक ‘मला काय, इंधनापुरते द्या’ म्हणून तारीख घेतो. गायकबंधूंनो, हे तुमच्यासाठी: पूर्ण बिदागी घ्या. नको असेल तर घेतल्यावर क्लबाच्या साठ्यात टाका, तुमचं नाव होईल. पण भाव पाडू नका, कारण पुढच्या वेळी तुमचा आकडा माझ्यापुढे ठेवला जातो. आणि आमच्यातले जे ऐनवेळी तारीख रद्द करतात, किंवा कार्यक्रमाची स्वतःच्या यादीला साधी खबरही देत नाहीत, त्यांच्याबद्दल संयोजकांनी जरूर बोलावं. मी बाजू घेणार नाही.

रात्रीच्या मुक्कामाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायचं आहे. फेब्रुवारी 1982 मध्ये निक जोन्स ग्लॉसपच्या फोक क्लबातला कार्यक्रम आटोपून रात्री गाडी चालवत घरी निघाले होते. वाटेत लॉरीशी अपघात झाला. जीव वाचला, पण इंग्लंडमधल्या एका विलक्षण गिटारवादकाची कारकीर्द तिथे थांबली. पुन्हा लोकांसमोर गायला त्यांना जवळपास तीन दशकं लागली. हा दोष कुणाचा नाही. पण आमच्यातला प्रत्येक जण मध्यरात्री काच खाली करून, थंड वारा तोंडावर घेत, जागं राहण्यासाठी मोठमोठ्याने गात गाडी हाकलेला आहे, आणि ती गाडी आम्ही हॉटेलचे पैसे वाचवण्यासाठी हाकतो.

तुम्ही आपल्या घरी मुक्कामाला बोलावता, ही मोठी माया आहे. काही घरांतल्या सकाळच्या गप्पांतून मला जन्माचे मित्र मिळाले. तरी एक बाई म्हणून स्पष्ट सांगते: घरात कोण कोण असेल, खोली स्वतंत्र आहे का, दाराला आतून कडी आहे का, हे आधी कळवत जा. मला विचारायला लावू नका. विचारलं की मी संशयी ठरते, नाही विचारलं तर रात्रभर खुर्ची दाराला लावून झोपते. आणि कार्यक्रमानंतर यजमानांनी मित्रमंडळी बोलावून ‘आता दोन गाणी घरगुती होऊ द्या’ म्हणणं हेही थांबवा. त्या वेळी माझी ड्युटी संपलेली असते. सोफ्यावर झोपवून रात्री दीडपर्यंत गाऊन घेणं याला पाहुणचार म्हणत नाहीत.

सरकारं काय करतात हा वेगळा विषय. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2012 च्या लाइव्ह म्युझिक कायद्याने लहान जागांमधल्या गाण्यामागचं परवान्याचं झेंगट बरंच सुटलं. फ्रान्समध्ये बारा महिन्यांत 507 तासांचं काम दाखवलं की रंगमंचावरच्या माणसाला मधल्या बेकारीच्या दिवसांचा भत्ता मिळतो. आयर्लंडने 2022 मध्ये 2,000 कलाकारांना आठवड्याला 325 युरो देणारा प्रयोग सुरू केला. फ्रान्स आणि आयर्लंड या दोन्ही ठिकाणी गाण्याच्या रात्रींमधले रिकामे दिवसही कामातच धरले गेले, हे मला महत्त्वाचं वाटतं. पण बाकीकडे असले कायदे येईपर्यंत आम्ही थांबू शकत नाही, आणि तुम्हीही त्यांच्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नका.

हे असंच चाललं तर काय होईल, त्याची सुरुवात झालीच आहे. ज्यांच्या घरचं बरं आहे, किंवा ज्यांचा जोडीदार कमावतो, तेच तरुण या वाटेला टिकतात. खाणकामगारांची, गिरणीतल्या मुलींची, खलाशांची गाणी गाणारे सगळे सुखवस्तू घरांतले, असं चित्र होऊ घातलंय. मला ते खटकतं. तुम्हालाही खटकत असावं, कारण कामगारांच्या गाण्यांना सर्वांत मोठ्याने ध्रुवपद धरणारे तुम्हीच असता.

पुढच्या हंगामाच्या तारखा तुम्ही आता ठरवत असाल. पहिल्याच मेलमध्ये एवढं लिहा: किमान रक्कम किती, ती किती माणसांसाठी, वर जमलं तर वाटा किती, मुक्काम कुठे आणि कसा, पैसे त्याच रात्री की नंतर. रक्कम कमी असेल तर कमी लिहा. मी नाही म्हणेन किंवा हो म्हणेन, पण पाकीट उघडताना चेहरा सांभाळावा लागणार नाही. समितीच्या बैठकीत प्रवेशाचा दर हा विषय घ्या, आणि त्या बैठकीला फिरून गाणाऱ्या एखाद्या माणसाला फोनवर तरी सामील करून घ्या. मी यायला तयार आहे. त्याची बिदागी मागणार नाही.

आपली,
फिरून गाणारी एक गायिका